येड्यांचा ओटा

कळंबमध्ये कुणी स्वयंपाकघराचं काम काढलं की घरात दोन पक्ष पडतात. शहाण्यांचा पक्ष मोठा. त्यात मिस्त्री असतो, फरशीवाला असतो, पुण्यात फ्लॅट घेतलेला भाचा असतो आणि त्याच्या मोबाइलमधले फोटो असतात. येड्यांच्या पक्षात बहुधा एकटी बाई असते, जिला तिथे रोज रांधायचं आहे. मी या दुसऱ्या पक्षाचा आहे. ज्या तालुक्यात येरमाळ्याची येडाई आहे, चैत्री यात्रेत जिथे माणसं भर उन्हात रानातले चुन्याचे खडे वेचून देवीला वाहतात, तिथे येडेपणाची बाजू घ्यायला लाजायचं काय?

सगळ्यात मोठा येडेपणा म्हणजे ओट्याची उंची बाईला विचारणं. शहाण्यांना ती पाठ असते, 34 इंच. एका घरात काकूंनी बांधकाम थांबवलं, विटांच्या थरावर फळी टाकली, फळीवर परात ठेवली आणि ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी घालून तिथेच भाकरी थापायला घेतली. खांदे वर चढले, कोपरं फाकली, भाकरीला कडेनं चिरा गेल्या. मिस्त्री म्हणाला, "काकू, असं येड्यावानी कुणी करतंय का?" काकूंनी विटांचा एक थर काढायला लावला. आता हात वरून सरळ पडू लागला, तळव्याला वजन आलं आणि भाकरी परातीत गोल फिरायला लागली. तिथे त्यांनी भिंतीवर खडूनं रेघ ओढली.

ती रेघ 31 इंचांवर होती आणि ती बरोबर होती. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण 37-38 इंचांवर येतं. भाजी चिरायला ओटा त्याच्या चार-पाच इंच खाली असला तरी भागतं. पीठ मळायला, थापायला तो आणखी खाली लागतो, कारण तिथे जोर खांद्यातून उतरायला हवा. शिवाय शेगडीची स्वतःची उंची असतेच. उंच ओट्यावर ती ठेवली की तवा छातीशी येतो आणि भाकरी उलटताना वाफ थेट तोंडावर. काकूंचा ओटा दोन पातळ्यांचा झाला. फोटोत तो तुटका दिसतो. ज्या घरात दोन्ही वेळच्या भाकरी होतात, तिथे याहून देखणा ओटा मला सुचत नाही.

दुसरा येडेपणा खिडकीचा. माळवदाच्या घराला धूर जायला वर साणं ठेवलेलं असे. शहाणे आता आहे ती खिडकीही बुजवून तिथे कपाट करतात आणि शेगडीवर बाहेर नळी न काढलेली चिमणी बसवतात. ती हवा जाळीतून आणि कोळशातून गाळून पुन्हा घरातच सोडते. तेलकटपणा थोडा अडतो. उष्णता आणि वाफ जाते कुठे? पारा चाळिशीपार गेलेल्या मे महिन्यात त्या खोलीत उभं राहून बघावं. खिडकीसाठी हटून बसणारी बाईच सिलिंडरच्या कपाटाला तळाशी भोकं पाडायला लावते. सुतार म्हणतो, दार विद्रूप होईल. होऊ दे. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

पाण्याचा येडेपणा आमच्या भागात फार जुना आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण आमच्या शेजारचं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. तरी नळ आहे म्हणून शहाणे पिंपाची जागा काढून टाकतात. मग टँकरचं पाणी उभ्या कपाटांपुढे टिपाडांत भरलं जातं आणि भुशाच्या फळीचं कपाट खालून फुगतं. ओट्याखालच्या ओल्या भागात कडाप्पाच घालणारी, किंवा लाकूडच हवं तर प्लायवर 710 चा आयएस शिक्का बोटानं दाखवून मागणारी बाई दुकानात चेष्टेचा विषय होते. पिंपासाठी कोपरा सोडणारी तर जास्तच.

न विचारता बांधण्याचा शहाणपणा किती महाग पडतो, ते या मुलखानं 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पाहिलं आहे. नवी गावं आखली गेली, रस्ते सरळ काढले गेले, घरं भक्कम झाली. पण चूल कुठे पेटणार, भाकरी कुठे थापली जाणार, हे बाईला कुणी विचारलं? पुनर्वसित घरांबाहेर तिनं स्वतःच पत्रा टाकला आणि चूल मांडली.

शेवटी पैशांचं. शहाणे आधी चकचकीत दारं घेतात आणि नळाच्या पाइपात, वायरिंगमध्ये काटकसर करतात. येडी बाई पैसा भिंतीच्या आत घालते आणि कपाटांना पडदे लावून दोन दिवाळ्या काढते. पाहुणे विचारतात, काम अर्धंच राहिलं का? राहू द्यावं. दारं नंतर बसतात, भिंत पुन्हा फोडायची म्हणजे घर उपसायचं.

आणि फरशी बसायच्या आधी ती मोरीत बादलीभर पाणी ओतते. पाणी कोपऱ्यात थांबलं तर कोबा उखडून उतार पुन्हा काढायला लावते. मिस्त्री कुरकुरतो, दिवसाची मजुरी वेगळी मागतो. ती द्यावी.