मुहूर्त टळलेली सीताफळं

पुण्यातले एक स्वयंघोषित बिअर-परीक्षक ऑक्टोबरात अंबाजोगाईला गेले, ते कुलदेवतेच्या दर्शनाला. निदान आईला तसं सांगितलं होतं. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता. त्यामुळे पोराला अखेर सुबुद्धी झाली म्हणून आईने खणानारळाची पिशवी भरून दिली. परीक्षकांनी खणाखाली कोऱ्या गुणपत्रिकांचा गठ्ठा सरकवला.

अमेरिकेतल्या बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची ती 50 गुणांची पत्रिका. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते याला 5, एकूण मताला 10. परीक्षकांचं नाक बारमाही चोंदलेलं असल्याने वासाचे 12 गुण ते शेजाऱ्याचा चेहरा बघून देतात. पण पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची मीठ घातलेली कोकम एल चाखल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. कोकणच्या कोकमाची बिअर होते, मग मराठवाड्याच्या सीताफळाची का नाही? अनुशेष इथेही?

मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अंबाजोगाईत सीताफळाचं संशोधन केंद्रच आहे. ‘धारूर-6’ ही जात तिथली. बिअर गाळणारा एक मित्र म्हणाला, “फळं आण, वीस लिटर करून बघू.”

ओटी भरून झाली, मुकुंदराजांची समाधी झाली, हत्तीखान्यातले दगडी हत्ती झाले. संतकवी दासोपंतांनी 40 फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं, हे ऐकून परीक्षक जरा वरमले. त्यांचा शेरा आजवर दोन ओळींपलीकडे गेलेला नाही. योगेश्वरीचं परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं लग्न मुहूर्त टळल्यामुळे राहिलं, अशी आख्यायिका आहे. तीही त्यांनी ऐकली. बोध घेतला नाही.

बाजारात पाटी घेऊन बसलेल्या आजीने विचारलं, “पुन्याला न्यायचीत व्हय? मग ही घ्या. डोळं उघडल्यालं, पर कडक. परवा पिकतील.”

सीताफळाच्या खवल्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळट दिसू लागल्या, की ‘डोळे उघडले’ म्हणतात. फळ तोडायला आलं. परीक्षकांना मात्र वासाचे 12 गुण दिसत होते. त्यांनी मऊच हवीत म्हणून हट्ट धरला.

“मऊ हितंच खायची असत्यात, लेकरा.” आजीने एक फळ दोन्ही अंगठ्यांनी उकललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. परीक्षक भर रस्त्यात बिया थुंकत उभे राहिले. गुणपत्रिका आठवलीच नाही. त्या फळाचे पैसे आजीने घेतले नाहीत.

मग त्यांनी मऊ फळांचं खोकं भरून घेतलं आणि रात्रीच्या गाडीत डोक्यावरच्या फळीवर चढवलं.

केज येईपर्यंत वरून पहिला थेंब पडला. तो खाली पेंगणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या टोपीवर. मग दुसरा. तिसऱ्याला गराचा गोळाच आला, बीसकट. गृहस्थ जागे झाले, टोपी काढली, बोट फिरवून चाखलं आणि म्हणाले, “धारूरकडचं हाय. काल उतरवल्यालं. पर खोक्यात वारं न्हाई, आवळून मेलंय.”

मूळ गाव, तोडणीचा दिवस आणि दोष, एका बोटात! परीक्षक खिडकीबाहेरचा अंधार बारकाईने न्याहाळू लागले.

कंडक्टरने दिवा लावून “खोकं कुणाचं?” असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा गृहस्थांनीच बोट दाखवलं. पुढचा तास परीक्षक फळी पुसत होते. कापड नव्हतं, गुणपत्रिका होत्या. उरलेल्या पत्रिका लोकांनी मांडीवर पसरल्या आणि फुटलेली फळं वाटून खाल्ली. “मीठ-मिरची असती तर!” असं मागून कुणी म्हणालं, तेव्हा मात्र परीक्षक चिडले. सीताफळाला मिरची?

पुण्यात सात फळं पोचली. एक आईच्या देवापुढे ठेवलं, सहा मित्राकडे गेली. वीस लिटरचा बेत दोन लिटरवर आला.

मित्राने गर उकळला. सीताफळाचा गर तापवला की कडवटतो. म्हणून तर बासुंदी गार झाल्यावरच तो घालतात. आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण मग देवदर्शनाचं बिंग फुटलं असतं. दुसरं संकट यीस्टचं. ते साखर खाऊन टाकतं. कोकमाची साखर गेली तरी आंबटपणा पाठीशी उभा राहतो. बेल्जियममध्ये चेरीची ‘क्रीक’ पिढ्यान्‌पिढ्या टिकली तीही आंबटपणाच्या जोरावर. सीताफळाकडे गोडवा सोडून दुसरी पुंजी नाही.

निकाल पाठकोऱ्या कागदावर लिहावा लागला. रूप: 3 पैकी 1, रंग धुतलेल्या घोंगडीचा. चव: 20 पैकी 5. तोंडात: 5 पैकी 2. एकूण मत: 10 पैकी 2. वास: 12 पैकी 4, मित्राचा चेहरा बघून. बेरीज 14.

देवापुढचं फळ तिसऱ्या दिवशी आईने फोडलं. ते उत्तम निघालं.