गोठ्यातला मान

आमच्या खालच्या मजल्यावर आंटींचा जो कुत्रा राहतो, त्याचं पाळण्यातलं नाव राजा. पण तो धावत येतो ते ‘नक्को’ या हाकेला. दोष आमचा सगळ्यांचा. पिल्लू असताना त्यानं चप्पल पळवली की आंटी ‘नो’ ओरडायच्या, त्यांच्याकडे कामाला येणारी अम्मा ‘वद्दु’ म्हणायची, वॉचमन ‘नक्को रे’ म्हणायचा आणि वरच्या गॅलरीतून माझं ‘नको, नको’ चालायचं. चारांपैकी दोन नकार कानाला सारखे लागले. त्यानं बहुमताचा कौल मान्य केला आणि तेच आपलं नाव समजला. मराठीतला ‘नको’ दख्खनीत जाऊन ‘नक्को’ झाला, हे मी लोकांना अभिमानानं सांगत असे. आता जपून सांगते. सांगता सांगता कुत्रा मांडीवर येऊन बसतो.

मी नांदेडची. यजमान दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणून सिकंदराबादला आलो आणि मेट्टुगुड्यात रुजलो. डिसेंबर लागला की इथल्या आणि लालागुड्याच्या रेल्वे वसाहतींत घराघरावर कागदी चांदण्या लटकतात, आणि रात्री-अपरात्री कॅरलवाले येतात. गिटार, ढोलक, तेलुगू गाणी, मागे लाल टोपीतला सांताक्लॉज. गल्लीतली समस्त श्वानमंडळी त्यांना वेशीपासून वेशीपर्यंत पोचवते. नक्को मात्र जाणकार. पहिल्या कडव्याला गप्प असतो, धृपद आलं की मान वर करून सूर लावतो. आंटी म्हणतात, तो अल्टो आहे. मला त्यातलं कळत नाही, पण ढोलकवाला बेताल होतो एवढं खरं.

आंटींच्या दिवाणखान्यात नाताळाचा गोठा मांडतात. खरं गवत, मातीची चित्रं, मेंढपाळ, बैल, गाढव, आणि मधे रिकामी गव्हाण. बाळ चोवीसच्या मध्यरात्री ठेवायचं. एके वर्षी बाळाच्या आधी गव्हाणीशेजारी नक्को जाऊन झोपला. दोन मेंढपाळ आडवे, एकाचा कान गायब. आंटी कपाळाला हात लावून बसल्या. त्या वेळी सासूबाई आमच्याकडे होत्या. त्या खाली गेल्या, चष्मा सावरून देखावा पाहिला आणि म्हणाल्या, “जनावराच्या घरी जन्म झाला म्हणता, मग जनावरालाच हाकलता होय?”

आंटींना मराठी येत नाही, म्हणून मी भाषांतर केलं. ते करताना माझ्या लक्षात आलं, की सासूबाई बोलत होत्या ते पोळ्याबद्दल. आमच्या गावाकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची, झूल घालायची, ओवाळायचं आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याच्या तोंडात द्यायचा, माणसं नंतर. शिवाय नामदेवांची नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली. कुत्र्यानं भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन ‘कोरडी खाऊ नकोस’ म्हणत त्याच्यामागे धावणारा संत ज्यांनी मानला, त्यांना कुत्रा गोठ्यात झोपला याचं काय एवढं?

आंटीही काही कमी नाहीत. त्यांनी सासूबाईंना सांगितलं, की लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव नाहीत; ते लोकांनी मागून आणले. इटलीतल्या ग्रेचोत 1223 साली असिसीच्या फ्रान्सिसनं नाताळचा देखावा मांडला, तेव्हा जिवंत बैल आणि गाढव आणून उभे केले होते. सासूबाईंनी विचारलं, “कुत्रा आणला नव्हता?” “त्याची नोंद नाही.” “मेंढपाळ म्हटल्यावर कुत्रा असणारच,” असा निकाल देऊन त्या वर आल्या. मला तो निकाल बरोबर वाटतो.

आता घरच्या जनावराला सणात घ्यायचं म्हणजे काय, यावर मात्र आमच्या इमारतीत दोन पक्ष आहेत. तरुण पक्ष त्याला लाल मखमली अंगरखा घालून फोटो काढतो. हैदराबादची दुपार डिसेंबरातही अंगरख्याची नव्हे, आणि कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांतून. नक्को फोटोपुरता उभा राहतो, मग अंगरखा कुंडीत पुरतो.

दुसरा पक्ष खाऊ घालणाऱ्यांचा. त्यात मी होते. दोन वर्षांपूर्वी आंटींनी केकची बशी वर पाठवली. ऑक्टोबरपासून रममध्ये मुरलेले मनुके, बेदाणे, काजू, संत्र्याची साल. मी बशी स्टुलावर ठेवली. मागोमाग नक्को आलाच होता. त्यानं तोंड घातलं, आम्ही घरातले चौघे एका आवाजात ओरडलो, “नक्को!” आपल्या नावाचा असा जयजयकार त्यानं आजवर ऐकला नव्हता. शेपूट हलवत त्यानं उरलेला तुकडाही संपवला.

तो नाताळ आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे काढला. मनुक्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, कुणाला किती सोसेल ते आधी सांगता येत नाही, हे मला तिथे कळलं. चॉकलेट बाधतं, बिर्याणीतला कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजलेलं हाड तुटून टोचतं. म्हणजे आंटींच्या पंगतीतलं एकूण एक पक्वान्न बाद. डॉक्टरांनी ओकारी काढली, सलाईन लावलं. नक्को वाचला. मला रात्रभर तुपाची वाटी आठवत राहिली. नामदेवांनी तूप दिलं होतं, रममधले मनुके नव्हे.

तेव्हापासून त्याचं ताट वेगळं. आंटी पंचवीसला आधी त्याला वाढतात: पेरुगन्नम, म्हणजे आपला दहीभात, फोडणी नाही, मीठ नाही, वर उकडलेल्या कोंबडीचे चार तुकडे. तो संपवेपर्यंत बिर्याणीचं झाकण उघडत नाही. आमच्या पोळ्याची ही एवढीच गोष्ट मेट्टुगुड्यात आली. चोवीसच्या रात्री आंटी 1850 सालच्या सेंट मेरीजमध्ये मिस्साला जातात, तेव्हा फटाक्यांना भिऊन तो आमच्याकडे पलंगाखाली असतो. त्या परतल्या, की दारात त्यांचे पाय हुंगून होतात आणि मग बाळ गव्हाणीत ठेवलं जातं. बिनकानाचा मेंढपाळ अजून मांडतात.

तुमच्याकडेही या दिवसांत शेजारून केक येईल. बशी स्टुलावर ठेवू नका, कपाटावर ठेवा. आणि कुत्रा पाळणार असाल तर नकाराला एकच शब्द ठरवा, घरातल्या सगळ्यांनी मिळून, पहिल्याच दिवशी.