जंग लागलेली नवी पाटी

भाच्याने दवनीवाड्यात हॉटेल टाकलं. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा, आलुबोंडा आणि तर्री-पोहा. मुक्कामाची सोय बाहेरच्या बाकावर. पण भाचा पुण्यात शिकून आलेला, त्याला ‘जुना लूक’ पाहिजे. जुनी मोटार परवडेना, म्हणून मोटारींच्या जमान्यातल्या जाहिरातीच्या पाट्यांवर गाडी आली. शहरातल्या एका विक्रेत्याला त्याने विचारलं, आमच्या गावचं नाव असलेली निघेल का? तो म्हणाला, शोधावी लागेल. आठवड्यात सापडलीसुद्धा.

पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं: ‘बर्मा-शेल. पेट्रोल शुद्ध, लिटर पूर्ण. दवनीवाडा, जि. गोंदिया. सन 1938.’

बर्मा-शेल भारतात आली 1928 साली. 1976 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि पुढे तिचीच भारत पेट्रोलियम झाली. आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला 1 मे 1999 रोजी. 1938 साली आपण मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो आणि पेट्रोल गॅलनवर मिळत होतं. जिल्हा एकसष्ट वर्षं आधीच ओळखणारी कंपनी स्वतःचं राष्ट्रीयीकरण मात्र ओळखू शकली नाही, याचं मला वाईट वाटलं.

“मामा, तुम्ही इतिहास काढू नका. जंग बघा!” भाचा म्हणाला.

बघितला. चारही कोपऱ्यांत सारखा, नारिंगी, आणि अक्षरांना धक्का न लावता बसलेला. इतका शिस्तीचा जंग मी सरकारी कचेरीतही पाहिला नाही. जुनी पाटी पोलादी पत्र्याची. तिच्यावर काचेची भुकटी चढवून भट्टीत सुमारे आठशे अंशांवर भाजायची, प्रत्येक रंगाची भाजणी वेगळी. म्हणून नख फिरवलं की रंगाच्या कडेला उंचवटा लागतो. मार बसला तर काचेचा टवका उडतो आणि तिथून काळपट जंग आत शिरतो, बहुधा खिळ्याच्या भोकाभोवती, कारण ठोकणाऱ्याचा हात कधी ना कधी चुकतोच. भाच्याच्या पाटीवर नख फिरवलं तर ते सपाट घसरत गेलं. भोकं चकचकीत होती. लोहचुंबक मात्र चिकटला, त्यावर भाच्याने विजयी मुद्रा केली. लोहचुंबक काय, डालड्याच्या डब्यालाही चिकटतो!

खरी पाटी हवी तर काकूंच्या गोठ्यावर चल, म्हणालो. बकऱ्यांच्या दाराला खाली एक निळी पाटी ठोकलेली आहे, डनलप टायरची. एका कोपऱ्याचा टवका गेलेला, मधोमध शेणाचा हात, तरी शिंतोडे पुसले की अक्षरं लखलखतात. तिच्यावर सन नाही, गाव नाही. खऱ्या पाट्या स्वतःचं वय सांगत बसत नाहीत.

भाच्याचे डोळे चमकले. त्याने धावत जाऊन आपली पाटी आणली आणि काकूंपुढे धरली. “आजी, अदलाबदल करू. ही घ्या, मोठी आहे.”

काकूंनी ती उलटसुलट पाहिली. कोपऱ्यावर अंगठा घासला, अंगठा नारिंगी झाला.

“कायले रे?” त्या म्हणाल्या. “याले त आताच जंग लागला. कितीले आणली?”

भाच्याने आकडा सांगितला.

“जा, वापस करून ये. अन् बिल हाय का विचार त्याले.”