बासष्ट हजार चारशे रुपये वाचवण्याची सोपी कृती

आधी ५० लाखांचं कर्ज काढा. व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता ४३,३९१ रुपये. पहिल्या वर्षी बँकेला साधारण ५ लाख २१ हजार द्याल. त्यातले ४ लाख २१ हजार व्याजात जातील, मुद्दल लाखभरही हलणार नाही. घाबरू नका. कलम २४ खाली राहत्या घराच्या व्याजापोटी २ लाखांपर्यंत वजावट मिळते. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासकट ६२,४०० रुपये वाचले. सव्वाचार लाख घालवून बासष्ट हजार वाचवणं ज्यांच्या पचनी पडत नाही, त्यांनी खुशाल भाड्यानं राहावं.

आता करप्रणाली. काहीच केलं नाहीत तर २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप गळ्यात पडते. तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही आणि ८०सी पण नाही. वर २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य. ज्याला करच नाही तो वजावट कशातून घेणार? हे मेहुण्याला मात्र सांगू नका. ‘कर्ज काढ, टॅक्स वाचेल’ हा त्याचा सल्ला बऱ्याच वर्षांचा आहे, उगाच मन दुखवू नये. जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीत रिटर्न भरून तसं कळवावं लागतं. (१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा आणि कलमांचे आकडेही नवे. तरी सी.ए.च्या तोंडी बराच काळ २४ आणि ८०सीच राहतील.)

यापुढचा भाग बिल्डरच्या हाती आहे. बांधकाम पूर्ण होईपर्यंत व्याज भरत राहा, भाडंही भरत राहा, वजावट मागू नका. इमारत झाली की त्या आधीच्या वर्षांचं साठलेलं व्याज पाच समान भागांत मागता येतं. मात्र तेही त्याच २ लाखांच्या आत, आणि तिथली जागा चालू वर्षाच्या व्याजानं कधीच भरलेली असते. दुसरी गंमत अशी, की कर्ज घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पुरं व्हायला हवं. नाही झालं तर २ लाखांचे थेट ३० हजार होतात. २०२१-२२ मध्ये कर्ज घेतलं असेल तर मार्च २०२७ ही हद्द. उशीर बिल्डरचा आणि शिक्षा खरेदीदाराला, हा हिशेब कुणाला सुचला असेल! दरवर्षी पाडव्याला साइटवर जाऊन कितवा स्लॅब पडला ते मोजणं, एवढंच तुमच्या हाती.

मुद्दल, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी हे सगळं ८०सीत बसतं, असं जो तो सांगतो. बसतं की! फक्त मर्यादा दीड लाखांची, आणि तिथे तुमचा पीएफ, आत्याच्या मुलाकडून भिडेखातर घेतलेली एलआयसी आणि मुलीची ट्यूशन फी आधीच ठाण मांडून आहेत. पुण्यात ६५ लाखांच्या फ्लॅटवर ७ टक्क्यांनी ४ लाख ५५ हजार मुद्रांक शुल्क, वर ३० हजार नोंदणी. मावेल ते मावेल, उरलेलं पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

८०ईईएची दीड लाखांची जादा वजावट ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. सेल्स ऑफिसच्या माहितीपत्रकात ती अजून दिसली तर पत्रक जपून ठेवा, नातवंडांना दाखवता येईल.

शेवटी नावं. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे ६५ हजार. पण मग तुम्ही मालक नाही, आणि मालक नाही तर वजावट नाही, हप्ता तुमच्या पगारातून जात असला तरी. दोघांची नावं लावलीत तर सवलत गेली. त्याऐवजी दोघं मालक, दोघं कर्जदार आणि दोघंही हप्ता भरणारे असाल, तर प्रत्येकाला व्याजाचे वेगळे २ लाख. यातलं काय परवडतं ते ॲग्रीमेंट छापण्याआधी ठरवा. निबंधक कार्यालयात टोकन घेऊन बाकड्यावर बसल्यावर हा विषय काढलात, तर तो अंगठ्याचे ठसे होईपर्यंत मिटत नाही आणि मागच्या रांगेतली मंडळीही मतं देऊ लागतात. आणि हो, पॅनच्या झेरॉक्स दोनच नेऊ नका.