कमी करायला ठेवलेली जागा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची वॅगन-आर पाच महिने विकायला होती. २०१७ची पासिंग, एकच मालक, ५२ हजार रनिंग. गाडी खरोखर चांगली. ऑगस्टात त्यांनी किंमत लावली ४ लाख २५ हजार. पहिल्या आठवड्यात सात फोन आले, त्यांतले पाच एजंटांचे. दुसऱ्या आठवड्यात दोन. मग फोन थांबलेच. मी विचारलं, ‘काका, सव्वाचार कुठून काढलेत?’ ते म्हणाले, ‘अरे, द्यायची पावणेचारलाच आहे. पण लोक कमी करायला लावतात, म्हणून थोडी जागा ठेवली.’

ही ‘जागा’ गाडी विकणाऱ्याचाच घात करते. ज्याला घरासाठी गाडी हवी आहे, त्याची मर्यादा ठरलेली असते. पावणेचार म्हणजे पावणेचार. रात्री जेवण झाल्यावर नवरा-बायको मोबाइलवर गाड्या बघतात. सव्वाचार दिसलं की पुढची गाडी. तुम्ही मनातल्या मनात पन्नास हजार सोडून ठेवलेत, हे त्यांना कळणार कसं? ते फोनच करत नाहीत. फोन करतो तो एजंट. लिहिलेल्या आकड्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तो ‘शेवटचं किती?’ एवढंच विचारतो, आणि तीन महिन्यांनी, तुम्ही कंटाळलात की पुन्हा विचारतो. म्हणजे घासाघीस सोपी जावी म्हणून वाढवलेली किंमत सरळ माणसाला दारातूनच परत पाठवते आणि घासाघीस ज्याचा धंदा आहे त्यालाच आत घेते.

सव्वाचारचा हिशेब काकांनी वहीत मांडला होता. सुरुवात ऑन-रोड किमतीपासून. इथेच पहिली चूक. ऑन-रोडमध्ये आरटीओचा एकरकमी कर असतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के. वर पहिल्या वर्षाचा विमा. हे पैसे गाडी शोरूमबाहेर आली त्या दिवशीच संपले. पुढे नवे टायर, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम असं मिळवत गेलेले. नव्या टायरने किंमत चढत नाही, झिजलेल्या टायरने ती उतरते, एवढंच. आणि टायर नवे आहेत हे तोंडाने सांगायची गरजही नसते. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जाणकार गिऱ्हाईक खाली वाकून आधी तेच वाचतं.

पॉलिसीवर छापलेली ‘आयडीव्ही’ हीच गाडीची किंमत, असंही बरेच जण धरून चालतात. ती तक्त्यावरून निघते: गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर कंपनीच्या यादीतल्या किमतीतून २० टक्के वजा, चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के. पाच वर्षांपुढे विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतील ती. तक्त्याने तुमची गाडी पाहिलेली नसते. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर जास्तीत जास्त किती मिळतील, तेवढंच तो आकडा सांगतो.

मग सप्टेंबर आला. ३ तारखेला जीएसटी परिषदेचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के कर आणि १ टक्का उपकर जाऊन १८ टक्के लागू झाले. कराआधी ५ लाखांची असलेली गाडी ६ लाख ४५ हजारांना पडायची, ती ५ लाख ९० हजारांवर आली. एका दिवसात ५५ हजार. नवी एवढी खाली आल्यावर आठ वर्षांची जुनी जागच्या जागी कशी राहील? काका म्हणाले, ‘मी तर तेव्हाचा कर भरूनच घेतली ना!’ भरला, अगदी खरं. पण गिऱ्हाईक तुमचं २०१७चं बिल बघत नाही. आज हातातल्या पैशांत दुसरं काय मिळतं, ते बघतं.

मला विचाराल तर किंमत काढायला एक संध्याकाळ पुरते. तेच मॉडेल, तेच साल, तेच इंधन, आपल्याच भागातलं पासिंग, रनिंगही जवळपास तेवढंच, अशा दहा-बारा जाहिराती काढा. महिनाभर पडून असलेल्या बाजूला ठेवा. त्यांच्यावरचे आकडे म्हणजे गाडी ज्या किमतीला जात नाही ती किंमत, आणि नेमके तेच बघून आपण आपला आकडा ठरवतो. चार-आठ दिवसांत गायब झालेल्या जाहिराती लक्षात ठेवा. मग जुन्या गाड्यांच्या दोन व्यापाऱ्यांकडे गाडी नेऊन रोख भाव विचारा. तो तुमचा तळ. व्यापारी तीच गाडी पुढे ज्या भावाला विकेल ते छप्पर, आणि त्याला हात लावायचा हट्ट धरू नका. त्याच्या किमतीत दुकानाचं भाडं असतं, डेंटिंग-पेंटिंग असतं, बऱ्याचदा काही महिन्यांची वॉरंटी असते, शिवाय नफ्यावर १८ टक्के जीएसटी. तुम्ही यातलं काहीच देत नाही. तळ आणि छप्पर यांच्या मध्ये तुमची किंमत, आणि मध्यापासून वर जायचं असेल तर कारण दाखवावं लागेल.

ते कारण म्हणजे कागद. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं की आतून गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना खराब धरून भाव करतो. चांगली गाडी असलेल्याला हे लागतं, आणि लागायलाच हवं. पण उपाय त्याच्याच हातात आहे. सर्व्हिसची सगळी बिलं काढा. बंपर घासलाय तर त्याचा फोटो आधी टाका. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बोजा उतरवा. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, आणि हप्ते संपल्यावर हे काम वर्षानुवर्षं राहून जातं. थकलेली ई-चलनं भरून टाका. यातलं राहिलेलं प्रत्येक काम गिऱ्हाईक तुमच्या किमतीतून वजा करणार, आणि करायला लागतील त्यापेक्षा जास्तच पैसे धरून.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. एखादा म्हणतो, ‘दहा हजार जास्त देतो, गाडी आज द्या, नावावर सावकाश करून घेतो.’ फॉर्म २९ आणि ३०वर कोऱ्या सह्या मागतो. ते दहा हजार घेऊ नका. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणी ज्याच्या नावावर आहे तो. गाडी मध्ये किती हातांतून फिरली, याने फरक पडत नाही. त्या प्रकरणातली गाडी एकामागून एक अनेकांनी विकत घेतली होती आणि आरसीवर पहिलाच माणूस होता. भरपाई त्याच्यावर आली. म्हणून दोन गिऱ्हाइकांत निवडायचं झालं तर पाच हजार कमी देऊन तुमच्याबरोबर बसून ट्रान्सफरचा अर्ज भरणारा धरा. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून पत्र घेतलं की नव्या गाडीला लावता येतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो.

काकांनी शेवटी डिसेंबरात वही बाजूला ठेवली. तोवर विमा संपून पुन्हा भरावा लागला होता, उभ्या गाडीची बॅटरी उतरून नवी टाकली होती, आणि थोड्याच दिवसांत २०१७ची गाडी लोकांच्या हिशेबात नऊ वर्षांची होणार होती. या गाडीतून त्यांची नात दवाखान्यातून घरी आली होती. किंमत खाली आणताना त्यांचा हात का अडत होता, ते मला कळत होतं. आम्ही मिळून नवी जाहिरात लिहिली: ३ लाख २० हजार, सगळी बिलं आहेत, मागचा बंपर उजवीकडे घासलेला आहे, किंमत ठरलेली.

तिसऱ्या दिवशी एक नर्सबाई भावाला घेऊन आल्या. बिलं एकेक करून वाचली, बंपर पाहिला, सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या. कमी करा म्हणाल्या नाहीत. विसार दिला आणि सोमवारी काकांबरोबर आरटीओचं काम करायला आल्या. आरसी त्यांच्या नावावर झाल्याचा मेसेज काकांना आला, तो त्यांनी लगेच मला पाठवला. खाली लिहिलं होतं: ‘गाडी चांगल्या घरी गेली.’