सांधे बघण्याचं व्यसन

लग्नाला गेलं की काही माणसं दागिने बघतात, काही साड्या बघतात, काही नुसतीच जेवणाची रांग कुठवर आलीय ते बघतात. मी मांडवाचे सांधे बघतो. पाइपाला पट्टी जोडली आहे तिथली वेल्डिंगची रेघ सरळ गेली आहे की वाटेत डुलक्या काढत गेली आहे, शेवटचा खड्डा भरून घेतलाय की तसाच सोडलाय, हे पाहिल्याशिवाय माझ्या हातून अक्षता पडत नाहीत. "अहो, आहेर द्यायला आलोय आपण, पंचनामा करायला नव्हे," हे वाक्य आमच्या घरात आता पाठ झालं आहे. पण व्यसन ते व्यसन. एसटीच्या सीटखालचा अँगल, सोसायटीचं फाटक, बँकेतला रांगेचा कठडा. लोखंडाला लोखंड चिकटलेलं दिसलं की नजर तिकडे गेलीच.

हे जडलं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फॅब्रिकेशनच्या दुकानामुळे. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, आणि शेडमध्ये मावत नाही ते सगळं काम फुटपाथवर. वेल्डिंग सुरू झालं की येणारे-जाणारे पदर, रुमाल, पिशवी, जे हाताशी असेल ते डोळ्यांआड धरून पुढे निघतात. शहाणपणाचंच आहे ते. उघड्या डोळ्यांनी गंमत बघत उभं राहणाऱ्याला तिचं बिल रात्री येतं. डोळे खुपायला लागतात, पाणी थांबत नाही आणि घरात बटाट्याच्या चकत्या कापल्या जातात. चकत्यांनी गार वाटतं, एवढंच. अतिनील किरणांनी भाजलेले डोळे बरे व्हायला त्यांचा वेळ घेतातच. माझं नशीब की दुकानाच्या मिस्त्रींकडे एक जादा हेल्मेट होतं. ते त्यांनी मला बहुधा मी मध्येमध्ये बोलू नये म्हणून दिलं असावं.

दहा नंबरच्या काळ्या काचेतून आधी काहीच दिसत नाही. दुकान, रस्ता, मिस्त्री, सगळं गडप. मग रॉड टेकतो आणि त्या काळोखात वाटाण्याएवढी जागा उजळते. रस्त्यावरून जो ठिणग्यांचा थाट दिसतो त्याला इथे काही मान नाही. इथे दिसतं ते वितळलेल्या लोखंडाचं एक छोटंसं डबकं. मिस्त्री त्याला 'पाणी' म्हणतात. पाण्याचा पुढचा काठ पत्रा खात जातो, मागचा काठ गोठत येतो आणि गोठताना एकेक चंद्रकोर मागे ठेवतो. या कोरी सारख्या अंतरावर पडल्या की झाली सुरेख बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ. नवशिक्याची पंचाईत ही, की त्याची नजर उजेडावर खिळलेली असते. दुकानातल्या पोराला मिस्त्री दिवसभर एकच गोष्ट सांगत असतात, "ज्योत काय बघतोयस? ज्योत काय पळून चाललीय? पाणी बघ. पाणी दोन्ही काठांना लागलं की सरक."

या पाण्याला हवा लागू न देणं ही सगळी करामत रॉडवरच्या लेपाची. पूर्वी उघड्या तारेनेच वेल्डिंग करत. वितळलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन घ्यायचं आणि जोड ठिसूळ व्हायचा. जहाजांचे बॉयलर दुरुस्त करता करता वैतागलेल्या ऑस्कर शेलबर्ग या स्वीडिश इंजिनियरने 1907 साली लेप दिलेल्या रॉडचं पेटंट घेतलं. 1904 मध्ये त्याने काढलेली एसाब ही कंपनी आजही रॉड विकते. लेप जळतो, त्याचा वायू पाण्याभोवती पहारा देतो आणि उरलेला लेप वितळून वर स्लॅगची खपली धरतो. आपल्याकडे ग्रिलच्या दुकानात चालतो तो 6013. त्यातले पहिले दोन आकडे जोडाची ताकद सांगतात, दर चौरस इंचाला 60,000 पौंड. पुढचा 1 म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कसंही चालवा. शेवटच्या 3 वरून लेपाची जात कळते. त्या लेपात मुख्य असतं रुटाइल, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. ते समुद्रकाठच्या वाळूत सापडतं. केरळातला चवरा किनारा त्यासाठी नावाजलेला आहे. आपल्या खिडकीच्या ग्रिलला समुद्राची वाळू लागली आहे हे ग्रिलला लटकून पाऊस बघणाऱ्या पोरांना कुणी सांगत नाही. दुकानात मात्र हे आकडे कुणी उच्चारत नाही. तिथे "दहा नंबर दे" म्हटलं की सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासचा रॉड हातात येतो आणि "बारा नंबर" म्हटलं की अडीचचा.

बीड चांगली येण्यासाठी जमवायच्या गोष्टी चारच आहेत: करंट, अंतर, कोन आणि वेग. एकेकटी गोष्ट कुणालाही जमेल. चौघींना एका वेळी सांभाळायचं म्हटलं की घामाचं कारण उष्णता नाही हे ध्यानात येतं. करंट कमी असला तर रॉड चिकटून बसतो, आणि चाललाच तर लोखंड पत्र्यावर नुसतं उंच बसून राहतं, आत शिरत नाही. जास्त असला तर कडेला चर पडतो, आजूबाजूला छर्रे उडतात आणि अर्धा रॉड संपायच्या आत उरलेला लालबुंद होतो. किती अँपिअर हवा ते पाकिटावर छापलेलं असतं. दहा नंबरला साधारण 90 ते 130. पण रॉडचं पाकीट वाचायची वस्तू आहे असं मानणारा मिस्त्री मी अजून पाहिलेला नाही. शिवाय शेजारच्या गिरणीने मोटर चालू केली की व्होल्टेज खाली येतं आणि पाकिटावरचा आकडा पाकिटावरच राहतो. मिस्त्री मग गिरणीवाल्याच्या नावाने दोन शब्द बोलतात आणि मशीनचा दांडा अर्धा फेरा फिरवतात.

अंतराचं गणित आणखी चमत्कारिक. रॉडचं टोक आणि पाणी यांच्यात रॉडच्या जाडीएवढीच फट हवी. रॉड तर सारखा जळून आखूड होतो आहे. म्हणजे हाताने पुढेही जायचं आणि सावकाश खालीही यायचं, तेही रॉड मिनिटभरात संपणार आहे हे ठाऊक असताना. फट योग्य असली की एकसारखा चरचर आवाज येतो. वाढली की फटफट सुरू होते आणि बीड पसरट, भोकाळ होते. कोनाचं म्हणाल तर रॉड पुढच्या दिशेला दहा-पंधरा अंश कलता ठेवून ओढत न्यायचा, म्हणजे स्लॅग मागेच राहतो. उरला वेग. तो मात्र खोटं बोलूच देत नाही. घाई केलीत तर चंद्रकोरींना टोकं फुटून बाण तयार होतात. रेंगाळलात तर स्लॅग पाण्याच्या पुढे धावतो आणि आतच गाडला जातो. मिस्त्रींनी कुठल्या जोडाला जेवणाआधी हात घातला आणि कुठल्या जेवणानंतर, हे मला आता बाणांवरून सांगता येतं.

हात थरथरतो म्हणून बीड वाकडी येते अशी दुकानातल्या पोराची तक्रार होती. मिस्त्रींनी त्याला हाताबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. स्टूल ओढून दिलं, कोपर मांडीवर टेकायला लावलं, होल्डरची जड केबल खांद्यावरून घेतली म्हणजे तिचं वजन मनगटावर येणार नाही, आणि डावा हात उजव्या मनगटाखाली ठेवायला सांगितला. मग मशीन बंद ठेवून कोरा रॉड या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन दाखव म्हणाले. मध्येच पोराचं कोपर अँगलला अडलं. "बघ, हात कुठे थरथरतोय? जागा चुकलीय," मिस्त्री म्हणाले. पुढचा रॉड पेटवताना त्यांनी फक्त एवढंच बजावलं, "ठोकू नको, काडी ओढतोस तसा ओढ. आणि जिथे थांबला होतास त्याच्या बोटभर पुढे पेटव, मागे ये, खड्डा भर, मग चल." जोडावर जोड कुठे लागला हे कळू नये यात खरी मेख आहे. शेवटीही तसंच. रॉड फटकन उचलला तर खड्डा राहतो, आणि चीर जायची झाली तर बहुधा तिथूनच जाते.

सगळं जमलं तर एक सोहळा बघायला मिळतो. बीड थंड होत असते, वर काळी खपली. मिस्त्री चिपिंगची हातोडी उचलत नाहीत, मुद्दाम बिडीचं बंडल शोधत बसतात. तेवढ्यात टिक् असा बारीक आवाज होतो, खपलीची कड उचलते, आणि हात न लावता बोटभर लांबीचा तुकडा सुटून पडतो. खाली रुपेरी कोरी एकाशेजारी एक. मिस्त्री तिकडे बघतसुद्धा नाहीत. मी बघितलं की नाही एवढं मात्र तिरक्या नजरेने पाहून घेतात.

यानंतर जे होतं ते बघवत नाही. ग्राइंडर येतो, कोरी सपाट होतात, त्यावर पुट्टी, पुट्टीवर रेड ऑक्साइड, त्यावर गिऱ्हाइकाच्या पसंतीचा चॉकलेटी. चांगली बीड आणि गचाळ बीड रंगाखाली एका पंगतीला बसतात. गचाळ कामाची तर यात चैनच असते. दोन पाइपांमधली फट मोठी राहिली तर लेप झटकलेला रॉडचा तुकडा फटीत ठेवून वरून वेल्डिंग फासणारे कलावंत गावोगाव आहेत. ग्राइंडर फिरला की तो जोड सगळ्यात देखणा दिसतो.

तसं देखणेपण स्वतःहूनही फसवतं. 6013 चा स्वभाव मुळातच गोड. थंड लोखंडावरही तो छान कोरी काढून देतो आणि आत काही धरलेलं नसतं. म्हणून आयटीआयमध्ये नमुना कापून, वाकवून बघतात. तिथे पृष्ठभागाचं सौंदर्य उपयोगी पडत नाही. आणि जोड उत्तम असून भागतं असंही नाही. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला एस. एस. स्केनेक्टडी हे नवंकोरं वेल्डिंगचं जहाज गोदीच्या शांत पाण्यात उभ्या उभ्या दुभंगलं. त्यात वेल्डिंगच्या दोषांबरोबर थंडीत ठिसूळ होणाऱ्या पोलादाचाही हात होता. सुंदर बीड ही हमी नाही हे कबूल. पण कुरूप बीड बहुतेकदा चुकीची पावती असते. चर, भोकं, बाण, गोळे, यांतलं प्रत्येक चिन्ह चौघींपैकी कोण रुसली होती ते नाव घेऊन सांगतं. कोरी सारख्या याव्यात म्हणून वेगळं नटवणं कुणाला करता येत नाही. करंट, अंतर, कोन आणि वेग यांचं जमलं तर त्या येतात, एरवी येत नाहीत.

आता यात व्यवहार कुठे बसतो? ग्रिलचा दर ठरतो किलोवर. म्हणजे चार ग्रॅम लोखंड उगाच थापून केलेला ओबडधोबड जोड, काट्यावर नेटक्या जोडापेक्षा महाग पडतो! कोरींना कुणी दर लावत नाही. गिऱ्हाईक येतं, ग्रिल दोन्ही हातांनी गदागदा हलवतं, "हलत नाही ना?" असं ती हलवत असतानाच विचारतं, आणि रंगाची छटा कॅटलॉगसारखी नाही म्हणून पैसे कापतं.

म्हणून माझा एक बिनखर्ची उपाय आहे. काम द्यायला जाल तेव्हा मजबूत करा, चांगलं करा, ओळखीचे आहात वगैरे काही बोलू नका. एवढंच म्हणा, "मिस्त्री, रंग मारायच्या आधी बघायला येतो." मी हे म्हणालो तेव्हा मिस्त्रींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. हा माणूस पैसे कापणार की काय, अशी ती नजर होती. ठरल्या दिवशी गेलो. फाटक रस्त्याच्या बाजूने भिंतीला टेकवून उभं, ग्राइंडर कोपऱ्यात. वरच्या सांध्यांच्या कोरी डोळ्यांसमोर होत्या, त्या बघून झाल्यावर मी गुडघ्यांवर बसून बिजागरीखालचा सांधा बघायला लागलो, जिथे फाटक बसवल्यावर मुंगीखेरीज कुणी जाणार नाही. तिथेही कोरी सारख्याच होत्या. मिस्त्रींनी पोराला दोन चहा सांगितले, आणि मी उठायच्या आत दर किलोमागे पाच रुपयांनी वाढवला. मी दिला.