पाहुण्याला द्विशतक

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं मैदान, म्हणजे गावाच्या बोलण्यातलं नुसतं 'व्हीसीए', ही सुमारे 40,000 माणसांना दिवसभर उन्हात बसवण्याची सोय आहे. 1969 ते 2006 या काळात तिथं 9 कसोट्या झाल्या. त्यातल्या 2 भारतानं जिंकल्या, 2 हरल्या आणि 5 अनिर्णित राहिल्या. घरच्या मैदानाचा म्हणून जो काही लाभ असतो, त्याची इतकी काटेकोर वाटणी भाऊबंदकीतसुद्धा होत नाही. या मैदानावर जीव लावून बसलेला एक प्रेक्षकवर्ग नागपुरात आहे. तो आता साठीच्या पुढं सरकला असून त्याचे गुडघे सिमेंटच्या पायऱ्यांनी आणि कान पानटपरीवरच्या वादांनी तयार झालेले आहेत. भारत हरला तर त्याला वाईट वाटतं, पण आश्चर्य वाटत नाही.

आश्चर्य न वाटण्याची सवय पहिल्याच कसोटीत लागली. ऑक्टोबर 1969 मध्ये न्यूझीलंडचा संघ नागपुरात आला. तोवर त्यांनी भारतात एकही कसोटी जिंकलेली नव्हती. हेडली हॉवर्थ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं सामन्यात 9 बळी घेतले आणि न्यूझीलंड 167 धावांनी जिंकला. फिरकी हा आपला घरचा धंदा. पण नागपूरनं तो पाहुण्याला करू दिला. न्यूझीलंडला भारतात पुढची कसोटी जिंकायला 1988 साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागली. काकाचं बोट धरून 1969 च्या सामन्याला गेलेल्या पोरांनी घरी येऊन काय सांगितलं असेल, याची कल्पना करता येते. त्यानंतर नागपूरला 14 वर्षं कसोटीच मिळाली नाही. क्रिकेट मंडळाची त्यामागची कारणं वेगळी असतील. ईस्ट स्टँडमधल्या जाणकारांना मात्र ती शिक्षाच वाटत आली.

1983 च्या ऑक्टोबरात पाकिस्तान आलं. भारत नुकताच विश्वविजेता झालेला, त्यामुळं गावात उत्साह उतू चाललेला. मालिकेतल्या तिन्ही कसोट्या अनिर्णित राहिल्या, तशी नागपूरचीही राहिली. 1986 च्या डिसेंबरात श्रीलंकेला मात्र एक डाव आणि 106 धावांनी हरवलं. वेंगसरकर 153, अमरनाथ 131, मनिंदरसिंगचे एका डावात 7 बळी. हा निकाल प्रेक्षकवर्गाच्या गप्पांत फारसा येत नाही. सरळपणे जिंकलेल्या सामन्यावर नागपूरकर जास्त बोलत नाही; त्यात वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

मैदानावर जाण्याच्या पद्धतीत तिकीट काढणं हा शेवटचा उपाय मानला जाई. नागपूर हे हायकोर्टाच्या खंडपीठाचं, सचिवालयाच्या इमारतींचं आणि हिवाळी अधिवेशनाचं गाव. इथं प्रत्येकाचा कुणी ना कुणी 'आपला माणूस' कुठं ना कुठं बसलेला असतोच. सामन्याच्या आदल्या आठवड्यात वर्षभर न बोललेल्या मेहुण्याची तब्येत विचारली जाई, आणि तब्येतीनंतर दुसराच प्रश्न 'पास आहे का भाऊ?' हा असे. पास मिळाला की तो खिशात ठेवत नसत, हातात धरत. तिकीट काढून येणारा मात्र ते गुपचूप दाखवून आत सटके, कारण चार ओळखीच्यांना त्यातून एकच अर्थ लागे: याची कुठं ओळख नाही.

आत बसण्याचीही शिस्त होती. बुडाखाली 'लोकमत', डोक्यावर 'हितवाद', आणि वाचायला शेजाऱ्याचा 'तरुण भारत'. रविवारची पुरवणी असली तर बूड जास्त सुखात राही. डब्यात पुऱ्या नि आलूची सुकी भाजी. आणि सामना ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असला तर पिशवीभर संत्री, कारण आंबिया बहाराचा माल तेव्हाच बाजारात येतो. ट्रान्झिस्टर चार ओळींत एक. समोर चाललेला खेळ डोळ्यांनी दिसत असताना तो कानानं पडताळून पाहायची सोय म्हणून. समालोचकानं 'उत्कृष्ट क्षेत्ररक्षण' म्हटलं की स्टँडमधून हमखास आवाज येई, "कायचं उत्कृष्ट बे, पायाला लागून थांबला तो!"

31 ऑक्टोबर 1987 हा या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस. योगायोग असा की कर्नल सी. के. नायडूंचा जन्मही 31 ऑक्टोबरचा, 1895 चा, आणि नागपूरचाच. विश्वचषकात पुन्हा न्यूझीलंड समोर होतं, म्हणजे 1969 चा हिशेब बाकी होता. चेतन शर्मानं रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळाचित केलं. विश्वचषकाच्या इतिहासातली ही पहिली हॅट्‌ट्रिक. दीडच वर्षापूर्वी शारजात मियांदादनं ज्याच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला होता, तोच हा चेतन. नागपूरनं त्याला माफ करून टाकलं, उरलेल्या देशानं अजून केलेलं नाही.

मग 222 धावा हव्या होत्या, त्याही 42.2 षटकांच्या आत. तसं झालं तर गटात पहिला नंबर आणि उपांत्य सामना मुंबईत, नाहीतर लाहोर. सलामीला सुनील गावसकर, अंगात ताप. 1975 च्या विश्वचषकात याच माणसानं लॉर्ड्सवर 60 षटकं खेळून नाबाद 36 केल्या होत्या, त्यामुळं 42 षटकांचं गणित ऐकून स्टँडमध्ये चिंतेचं वातावरण होतं. गावसकरनं चॅटफिल्डच्या एका षटकात दोन षटकार आणि दोन चौकार ठोकले, 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या, श्रीकांतनं 75 कुटल्या, आणि सामना 32.1 षटकांत संपला. गावसकरचं एकदिवसीय सामन्यांतलं हे पहिलं आणि एकमेव शतक. तापाचं औषध कुठल्या दुकानातून आणलं होतं, याबद्दल सदर आणि धंतोली या दोन्ही भागांत ठाम मतं आहेत.

त्या दिवशी आपण मैदानावर होतो असं सांगणारे नागपुरात पुष्कळ भेटतात. खरा प्रेक्षक ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्याला तिन्ही चेंडू तोंडपाठ आहेत, ज्याच्या डोळ्यांसमोर स्मिथचा ऑफ स्टंप अजून उडतो आहे, त्यानं सामना दूरदर्शनवर पाहिलेला असतो. जो खरंच होता, तो थोडा ओशाळून सांगतो, "पहिला पायला मी. दुसऱ्याच्या टायमाले आलूबोंडे आणाले गेलो होतो. आवाज आयकून पलटलो, तं समोर एक लंबू उभा." तिसऱ्या बळीबद्दल त्याच्याकडे फक्त त्या लंबूच्या पाठीची माहिती असते.

पाचच दिवसांनी वानखेडेवर इंग्लंडनं भारताला घरी पाठवलं. लाहोरला गेलो असतो तर बरं झालं असतं, हे मत नागपुरात दबक्या आवाजात आजही मांडलं जातं.

26 नोव्हेंबर 1995 च्या सामन्याबद्दल हा वर्ग विनोद करत नाही. न्यूझीलंडविरुद्धच्या त्या एकदिवसीय सामन्यात ईस्ट स्टँडची भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेली काही माणसं घरी परतली नाहीत. खेळ पुढं चालू राहिला, हे अनेकांना नंतर वर्तमानपत्रातून कळलं आणि पटलं नाही. त्या दिवशीची धावसंख्या विचारली तर जुना प्रेक्षक विषय बदलतो.

नव्वदीच्या दशकापासूनच्या कसोट्यांना पाहुणचाराच्या दृष्टीनं महत्त्व आहे. 1994 मध्ये सचिननं 179 केल्या, तर वेस्ट इंडिजच्या जिमी ॲडम्सनं नाबाद 125 करून सामना वाचवला. 1997 ची श्रीलंकेविरुद्धची कसोटी नोव्हेंबरात असूनही पावसानं बुडवली. जून-जुलैत आभाळाकडं डोळे लावून बसणाऱ्या विदर्भाला हा पाऊस कुणाच्या हिशेबात आला, ते कळलं नाही. 2000 मध्ये सचिननं नाबाद 201 केल्या. पण सामना झिम्बाब्वेच्या अँडी फ्लॉवरच्या नावावर लागला. फॉलोऑन मिळाल्यावर तो उभा राहिला तो नाबाद 232 करूनच थांबला. आपला सचिन द्विशतक करतो आणि पाहुण्याला त्याच्याहून 31 जास्त मिळतात, हे फक्त नागपुरातच व्हायचं. 2002 मध्ये झिम्बाब्वे पुन्हा आला आणि डावानं हरला, तेव्हा लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

ऑक्टोबर 2004 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मात्र अजून भरलेली जखम नाही. खेळपट्टीवर गवत होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस नागपुरात हिरवं काही दिसलं की एरवी माणसाला बरं वाटतं. या वेळी वाटलं नाही. गांगुली दुखापतीमुळं बसला, हरभजन आजारी. मार्टिननं 114 आणि 97 केल्या, गिलेस्पीनं सामन्यात 9 बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया चौथ्याच दिवशी 342 धावांनी जिंकला. भारतात मालिका जिंकायला त्यांना 35 वर्षं लागली होती. गवत ठेवलं कुणी आणि का, यावर गावात जितक्या पानटपऱ्या तितके सिद्धांत आहेत, आणि प्रत्येकात कुणाचा तरी चुलतभाऊ रोलरजवळ उभा असतो. त्या चौथ्या दिवशीचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न एका आजोबांनी विचारला होता: "पीच आपलं हाय ना भाऊ, का त्यायनं येताना आणलं?"

मार्च 2006 मध्ये इथली शेवटची कसोटी झाली. ॲलिस्टर कुक नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा अँटिग्वाहून विमानं बदलत नागपुरात उतरला आणि पदार्पणातच 60 आणि नाबाद 104 करून बसला. इथं मैदानाचा एक स्थायीभाव नोंदवावा लागतो: नवखा पाहुणा नागपुरातून रिकाम्या हातानं जात नाही. जावयाचा पहिला दिवाळसण असावा तसं त्याचं होतं. मैदान बदललं तरी रीत बदलली नाही. 2008 पासून कसोट्या वर्धा रोडवरच्या जामठ्याला व्हायला लागल्या आणि तिथल्या पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझानं पदार्पणात 12 बळी घेतले, त्यासाठी 358 धावा मोजून. त्यानंतर तो आणखी एकच कसोटी खेळला. सण एकदाच असतो. 2012 मध्ये जो रूटनं पदार्पणात 229 चेंडू खाऊन 73 केल्या, सामना अनिर्णित ठेवला आणि इंग्लंडला भारतात 28 वर्षांनी मालिका मिळाली. 2023 मध्ये टॉड मर्फीनं पदार्पणात 7 बळी घेतले. तो सामना भारतानं डावानं जिंकला, तरी मर्फीचा आहेर चुकला नाही. क्रेझाच्या त्याच सामन्यात सौरव गांगुली आपल्या शेवटच्या कसोटी डावात पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. घरच्यांसाठी ठेवणीतलं काही काढायचं नाही, ही त्या मैदानाची जुनीच खोड.

जामठ्याच्या मैदानात 45,000 माणसं बसतात. ती तिथं पोचवायची कशी, हा वेगळा विषय. सिव्हिल लाइन्सला माणूस सायकलीवर टांग मारून जाई आणि जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन वरणभात खाऊन येई. जामठ्याला जायचं तर विमानतळ मागं टाकून, खापरी ओलांडून गावाबाहेर जावं लागतं. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत आली, तिथून पुढं प्रेक्षक आणि त्याचं नशीब. सामना सुटल्यावर वर्धा रोडवर जी रांग लागते, तिच्यात बसून लोकांनी 2011 च्या विश्वचषकातला दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना पुन्हा पुन्हा खेळून काढला: 1 बाद 267 वरून सर्वबाद 296. 2016 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात न्यूझीलंडनं भारताला 79 धावांत गुंडाळलं, तेव्हा रांग लवकर लागली एवढाच फायदा.

या सगळ्यात ज्याचं हे खरं घर, तो विदर्भाचा संघ कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. 1957-58 पासून रणजी खेळणारा हा संघ हरण्यात सातत्य ठेवून होता. रणजीला प्रवेश फुकट, त्यामुळं पास मागायची गरज नाही. आणि पास लागत नाही तिथं नागपूरकर कशाला जातो? निवृत्त मंडळी तेवढी जात. सावली, शांतता आणि वर्तमानपत्र पुरं वाचून होण्याची हमी. मग फैज फजलच्या संघानं 2017-18 ची रणजी जिंकली, तीही इंदूरच्या होळकर मैदानावर, दिल्लीला हरवून. कधीकाळी नागपूरनं सी. के. नायडू इंदूरला दिले होते. परतफेडीला कित्येक दशकं लागली. पुढच्याच वर्षी अंतिम सामना जामठ्यावर झाला. नागपूरच्या आदित्य सरवटेनं सौराष्ट्रचे 11 बळी घेतले, पुजाराला 1 आणि 0 वर पाठवलं, आणि विदर्भ 78 धावांनी जिंकला. पुजारासारख्या माणसाला या गावात कुणी दोन्ही डावांत उपाशी ठेवेल, हे जुन्या मंडळींना खरंच वाटेना.

2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जामठ्यावर पुन्हा रणजीचा अंतिम सामना झाला. समोर केरळ, त्यांचा हा पहिलाच अंतिम सामना, म्हणजे पुन्हा नवखा पाहुणा. भरीला सरवटे आता केरळकडून खेळत होता आणि त्यानं माहेरच्या मैदानावर 79 केल्या. विदर्भाच्या 379 धावा झालेल्या. केरळचा कर्णधार सचिन बेबी जमून बसलेला. पंचवीसेक निवृत्त प्रेक्षकांच्या एका घोळक्यानं शतकाची तयारी म्हणून टाळ्यांसाठी हात पुसून घेतले होते. बेबी 98 वर उंच फटका मारायला गेला आणि झेल देऊन परतला. केरळचा डाव 342 वर आटोपला, आणि सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडं आला.

बेबी बाद झाला तेव्हा घोळक्यात क्षणभर कुणी टाळी वाजवेना. मग एकानं संत्र सोलता सोलता विचारलं, "अठ्ठ्याण्णववर आउट? आपल्या इथं?" शेजारच्यानं एक फोड उचलली आणि म्हणाला, "होऊन राहिलं बाप्पा आजकाल असं."